अष्टबाइटमीमांसा

मराठीत शेजाऱ्यांवर विपुल लेखन झालं आहे. शेजाऱ्याचा नळ, शेजाऱ्याचा रेडिओ, वाटीभर साखर नेऊन वाटीसकट विसरणं, सामाईक भिंतीत ठोकलेला खिळा, या साऱ्यांचा परामर्श कथाकारांनी, विनोदकारांनी आणि दिवाणी न्यायालयांनी वेळोवेळी घेतला आहे. परंतु एका गेटवेचा दुसऱ्या गेटवेशी असलेला शेजार हा विषय आपल्याकडे अस्पर्श राहिला. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न. (प्रबंधाच्या प्रस्तावनेत हे वाक्य असावंच लागतं. ते टाकून झालं, आता कामाला लागू.)

विषयाची व्याप्ती आठ बाइट. एका बाइटात आठ बिट, तेव्हा सारा प्रपंच चौसष्ट बिटांचा. कोणाला हा आकडा क्षुल्लक वाटेल म्हणून सांगतो: यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘घर’ लिहायला सहा बाइट लागतात. ‘शेजार’ लिहायला, मात्रा आणि काना धरून, पंधरा. म्हणजे आठ बाइटांत घर मावतं, शेजार मावत नाही. प्रस्तुत प्रबंधाचं प्रमेय एवढंच आहे. ते सिद्ध व्हायला साडेतीन दिवस लागले.

घटना अशी. एका संस्थेची (नाव सांगत नाही, पगार अजून तिथूनच येतो) मुख्य कचेरी कोल्हापुरात आणि एक शाखा घाटाखाली कणकवलीत. दोन्हीकडे एकेक जुना संगणक, त्यावर डेबियन लिनक्स, आणि तोच गेटवे: कचेरीतल्या कुठल्याही यंत्राला बाहेर पडायचं तर याच्याच उंबऱ्यावरून. दोन गेटवेंच्या मध्ये इंटरनेटच्या पोटातून काढलेला जीआरई बोगदा. (बोगद्याला कुलूप का नव्हतं, हा प्रश्न रास्त आहे. तो वेगळ्या प्रबंधाचा विषय, आणि तो लिहायला मला सवड नाही.) जुलैतल्या एका सोमवारी सकाळी शाखेचे आकडे कोल्हापुरात उमटेनात.

गेटवेला वाटा दोन प्रकारे कळतात. एक, कोणीतरी हाताने लिहून ठेवतं, ढाब्यावरच्या पाटीसारखं: कणकवली इकडे. रस्ता खचला तरी पाटी ‘इकडे’च म्हणते. याला स्टॅटिक रूट म्हणतात. दुसरा प्रकार डायनॅमिक राउटिंगचा: गेटवे एकमेकांना विचारून वाटा ठरवतात. या शास्त्रात दोन संप्रदाय मानावेत.

पहिला ऐकिवाचा. त्याचं नाव रिप. १९८३ च्या ४.२ बीएसडी यूनिक्समध्ये ‘राउटेड’ नावाचा प्रोग्राम आला तो रिपच बोलायचा. त्याचे नियम रीतसर कागदावर उतरले १९८८ मध्ये. आधी रूढी, मग स्मृती, हा क्रम आपल्याला नवा नाही. दर तीस सेकंदांनी गेटवे शेजाऱ्याला सांगतो, ‘अमुक गाव माझ्यापासून तीन उंबरे.’ ऐकणारा त्यात एक मिळवतो आणि पुढे सांगतो, ‘माझ्यापासून चार.’ गाव कोणीच पाहिलेलं नसतं. मग ते गाव तुटलं की गंमत होते. पहिला म्हणतो, माझी वाट गेली. दुसरा म्हणतो, चिंता नको, माझ्याकडून चार आहे. पहिला खूश होऊन पाच सांगतो, त्यावरून दुसरा सहा. दोघंही एकमेकांच्या जिवावर निर्धास्त, आणि माहितीचं पाकीट दोघांच्या मध्ये हेलपाटे घालतं. कोकणात याला चकवा लागला म्हणतात: माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तर त्याच आंब्याखाली.

चकव्यातून पाकिटाची सुटका मरणानेच होते. लिनक्सवरून निघणाऱ्या पाकिटाच्या कपाळी सहसा चौसष्ट उंबऱ्यांचं आयुष्य लिहिलेलं असतं. प्रत्येक गेटवे त्यातला एक कापतो. शून्य झालं की पाकीट टाकून देतो आणि धाडणाऱ्याला निधनाची वार्ता कळवतो. ट्रेसरूट हे साधन याच वार्तांवर जगतं: मुद्दाम अल्पायुषी पाकिटं सोडायची, आणि कुठल्या गावाहून तार येते ते लिहून घ्यायचं. त्या दोन गेटवेंचा पाच, सहा करत चढणारा आकडा मात्र वाढतच जाईल, म्हणून रिपने अनंताची व्याख्या करून टाकली. अनंत म्हणजे सोळा. पंधरा उंबऱ्यांपर्यंत जग आहे, सोळाव्याला नाही. दर्शनकारांनी शतकानुशतकं घोळवलेला प्रश्न असा एका ओळीत मिटला. ज्यांचा रुपया सोळा आण्यांचा होता त्यांना तरी हे पटायला हरकत नसावी.

दुसरा संप्रदाय ओएसपीएफचा, आमचा. इथे ऐकीव चालत नाही. प्रत्येक गेटवेने फक्त आपल्या दारापुढचं सांगायचं, ‘माझ्या अंगणातून हे दोन रस्ते निघतात, हा त्यांचा खर्च’, आणि ते निवेदन एका अक्षराचा फरक न होता गावभर फिरतं. त्यामुळे प्रत्येकाजवळ तलाठ्याच्या दप्तरात असतो तसा सबंध गावनकाशा तयार होतो, आणि स्वस्तात स्वस्त वाट ज्याची त्याने काढायची. ती काढण्याची रीत डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाला १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत, होणाऱ्या पत्नीबरोबर कॉफी घेताना, वीसेक मिनिटांत सुचली. हाताशी कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. ती वीस मिनिटं त्या बाई काय बोलत होत्या, हे मात्र कोणी विचारलेलं दिसत नाही.

इथे एक योगायोग नोंदवणं प्रबंधकाराचं कर्तव्य आहे. अशा संप्रदायांची भाषा बोलणारं झेब्रा नावाचं सॉफ्टवेअर १९९६ मध्ये सुरू झालं. पुढे त्याची एक शाखा फुटली, तिचं नाव क्वागा. क्वागा म्हणजे झेब्र्याचा नामशेष झालेला भाऊबंद, पट्टे पुढच्या अंगावरच, मागे साधा तपकिरी, जणू रंगाऱ्याची उचल संपली. जगातली शेवटची क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी मेली, तीही ॲम्स्टरडॅमच्याच प्राणिसंग्रहालयात. नावाचा गुण म्हणा, ते सॉफ्टवेअरही थंडावलं, आणि २०१७ मध्ये त्यातून निघालेलं एफआरआर आज आमच्या दोन्ही गेटवेंवर आहे. ज्या शहरात वाट सापडली त्याच शहरात क्वागाची वाट लागली, यावर कोणीतरी स्वतंत्र संशोधन करावं.

पडद्याआड अखंड राबणाऱ्या अशा प्रोग्रामला यूनिक्सवाले डीमन म्हणतात. त्याचा ‘राक्षस’ असा अर्थ लावणारे चुकतात. हा राक्षस नव्हे, राखणदार. कोकणातला राखणदार दिसत नाही, रात्री वाडीवरून फिरतो, आणि वर्षाचा मान पोचला की कोणाच्या अध्यात ना मध्यात. मान चुकला की मात्र घरात काय काय होतं ते ऐकायला कणकवलीला जावं. एफआरआरच्या राखणदारांचा मान एका छोट्या फायलीत लिहायचा असतो. नव्याने बसवलेल्या एफआरआरमध्ये तिथे ओएसपीएफपुढे ‘नो’ असतं. ते ‘यस’ करून सेवा पुन्हा उठवल्याशिवाय राखणदार जागचा हलत नाही, बाकी कॉन्फिगरेशन तुम्ही मोत्यासारखं लिहिलेलं असो. माझी पहिली शंका या फायलीवर. उघडली. दोन्हीकडे ‘यस’.

दुसरी शंका लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, त्या एका आकड्यावर, ज्याच्यावर पाकीट पुढे सोडायचं की नाही हे ठरतं: शून्य किंवा एक. शून्य असेल तर गेटवेला सगळ्या वाटा तोंडपाठ असतात, पण तो कोणालाही जाऊ देत नाही; अशी माणसं आपण काचेच्या खिडकीपलीकडे बसलेली पाहिली आहेत. आकडा एक होता. तिसरी शंका फायरवॉलवर. ओएसपीएफ हे टीसीपीही नव्हे आणि यूडीपीही नव्हे, त्याचा आयपीत स्वतंत्र क्रमांक आहे, ८९. फायरवॉल लिहिणारा हे दर वेळी विसरतो. तो लिहिणारा मीच असल्याने नीट पाहिलं. दार उघडं होतं.

मग एफआरआरला म्हटलं, शेजारी दाखव. शेजारी दिसला. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं: एक्सस्टार्ट.

या शब्दावर थांबणं भाग आहे. ओएसपीएफमध्ये शेजार एका दमात जुळत नाही. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्या ठरवणाऱ्याने कधीतरी वाड्यात बिऱ्हाड केलं असावं. पहिली ‘डाउन’: समोरच्या घराला कुलूप. ‘इनिट’: त्याची हाक मला ऐकू येते, माझी त्याला पोचते की नाही ठाऊक नाही. ‘टू-वे’: दोघांनी एकमेकांना पाहिलं, मान हलवली. पुढची ‘एक्सस्टार्ट’: आता बोलायचं ठरलं, पण आधी कोणी? ज्याचा राउटर-आयडी मोठा तो थोरला, आणि सूत्र थोरल्याच्या हाती. मग ‘एक्सचेंज’मध्ये कोणाच्या घरात काय आहे याच्या याद्या, ‘लोडिंग’मध्ये यादीतलं हवं ते मागून घेणं, आणि शेवटी ‘फुल’, म्हणजे दार न वाजवता थेट स्वयंपाकघरापर्यंत. आमचे दोघं ‘आधी कोणी बोलायचं’ या पायरीवर अडले होते. तिथे कित्येक मराठी कुटुंबं दोन-दोन पिढ्या अडलेली आहेत, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही.

(बीजीपी या तिसऱ्या, आंतरराष्ट्रीय संप्रदायात ‘ॲक्टिव्ह’ नावाची एक पायरी आहे. नवशिका ते वाचून आनंदतो. तिचा अर्थ, जोडणी झालेली नाही, प्रयत्न चालू आहेत. शासकीय पत्रातलं ‘कार्यवाही सुरू आहे’ ते हेच.)

दरम्यान कोल्हापूरचा गेटवे काय करत होता? शेजार जुळला नाही म्हणून कणकवलीचा पत्ता त्याच्या नकाशातून गळला होता. पत्ता ठाऊक नसलेलं पाकीट गेटवे डिफॉल्ट रूटवर, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्याच्या दारात, नेऊन टाकतो. आमचे आतले पत्ते दहा आकड्याने सुरू होणारे, खासगी वापराचे. बाहेरच्या जगात त्यांना कोणी विचारत नाही. दिवसभर शाखेची पाकिटं अशी बेवारस जात राहिली. साहेबांनी तीनदा विचारल्यावर मी दोन्ही टोकांना हाताने स्टॅटिक रूट लिहिले. तात्पुरते. काम सुरू झालं. छोट्या पावत्या पळू लागल्या. वार्षिक ताळेबंदाची मोठी फाइल मात्र अर्ध्यात जाऊन गप्प बसायची. हे लक्षण माझ्या समोर होतं आणि मी त्याचा दोष पावसाला दिला.

न्यायशास्त्र ज्ञानाची साधनं चार मानतं. प्रत्यक्ष प्रमाणासाठी मी शाखेतल्या शिपाईकाकांना फोन लावला.

‘काका, मोडेमचा दिवा कसा आहे?’

‘हिरवो असा.’

‘लुकलुकतोय की स्थिर?’

‘सायबानू, दिवो हिरवो असा. मगे आणि काय व्हया तुमका?’

प्रत्यक्ष संपलं. अनुमानासाठी पिंग. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे, तसं पिंग परतलं की वाट आहे. पिंग परतत होतं, दहातलं दहा. ओएसपीएफची ‘हेलो’ पाकिटंही दर दहा सेकंदांनी इमानाने ये-जा करत होती. चाळीस सेकंद हाक आली नाही तर शेजारी मेला समजायचं, पण हाक येत होती. एरिया एकच, पासवर्ड एकच, घड्याळं एकच. टीसीपीडंपने तारेला कान लावला तर ‘हेलो’च्या मध्ये कोल्हापूर दर पाच सेकंदांनी तेच एक याद्यांचं पाकीट पाठवतंय, आणि पलीकडून त्याला पोच नाही. उपमान प्रमाण म्हणून एका मित्राला विचारलं. तो म्हणाला, ‘आमच्याकडे असंच झालं होतं, आम्ही दोन्ही मशिनं बदलली.’

उरलं शब्दप्रमाण. आप्तवाक्य. लिनक्समध्ये आप्तवाक्य लॉगमध्ये असतं, आणि लॉग माणूस सर्वांत शेवटी वाचतो, कारण तो फुकट असतो. गुरुवारी दुपारी जेवणानंतर, मुख्यतः झोप लागू नये म्हणून, कणकवलीचा लॉग उघडला. तिथला राखणदार शनिवारपासून एकच वाक्य लिहीत होता: शेजाऱ्याचा एमटीयू १४७६, माझ्या दाराचा १४६८, त्याचा मोठा. पाच सेकंदांनी एकदा म्हणजे दिवसाला सतरा हजार दोनशे ऐंशी वेळा. इतक्या वेळा सांगूनही कोणी ऐकलं नाही तर आमच्या घरातलं माणूस भांडी आपटतं. याने नुसतं लिहिलं.

एमटीयू म्हणजे दाराची उंची, एका दमात जास्तीत जास्त केवढं पाकीट आत येईल ती. साध्या इथरनेटच्या दाराची उंची १५००. त्यातून जीआरई बोगदा काढला की वरच्या आवरणाचे चोवीस बाइट जातात: वीस नव्या आयपी मथळ्याचे, चार जीआरईचे स्वतःचे. उरले १४७६. दोन्हीकडे तेच होतं, वर्षानुवर्षं. मग कणकवलीचे १४६८ का? काकांना पुन्हा फोन.

‘मोडेम कोणी बदललाय का?’

‘होय तर. पयलो डबो काडून नेल्यानी. हो नवो शनवारी बसवल्यानी.’

‘मग सोमवारी सांगितलं का नाहीत?’

‘तुमी दिव्याचा इचारलास.’

नव्या डब्यासोबत लाइनची तऱ्हाही बदलली होती. आता नाव-पासवर्ड देऊन जोडणी व्हायची, म्हणजे पीपीपीओई. १९९९ मध्ये ठरलेली ही रीत प्रत्येक पाकिटाच्या डोक्यावर सहा बाइटांचं पागोटं आणि दोन बाइटांचा तुरा चढवते. एकूण आठ. दाराची उंची १५०० वरून १४९२. त्यातून चोवीस वजा, १४६८. ही वजाबाकी कोणी माणसाने केलेली नव्हती. कणकवलीचा गेटवे शनिवारी बंद-चालू झाला तेव्हा कर्नलने स्वतः केली, अचूक केली, आणि कोणाला कळवलं नाही.

खात्रीसाठी कोल्हापुरातून मापाची पिंग सोडली, ‘वाटेत तुकडे करू नये’ असं बजावून. साधं पिंग बोलूनचालून चौऱ्याऐंशी बाइटांचं, ते उंदराच्या बिळातूनही गेलं असतं. सोमवारचं माझं अनुमान तिथेच फसलं होतं. पोटात १४४० बाइट भरून पाठवलं, गेलं. १४४८ भरून पाठवलं, अडलं. मी दोन्ही पुन्हा एकेकदा पाठवली. खरं तर गरज नव्हती, पण मोजून आठ बाइटांवर एखादी गोष्ट अडताना पाहण्यात जे सुख आहे ते बाहेरच्याला समजावता येत नाही.

आता पूर्वपक्ष म्हणेल: आठ बाइटांसाठी एवढा रुसवा? याद्यांचं ते पाकीट काही चौदाशे बाइटांचं नव्हतं, छोटंसं होतं, आरामात आलं होतं. मग कणकवलीने ते नाकारलं का? याचं उत्तर शास्त्राच्या इतिहासात आहे. ओएसपीएफच्या जुन्या नियमांत दारांची उंची विचारायची पद्धतच नव्हती. शेजार पटकन जुळायचा, आणि पुढे कधीतरी एखादं मोठं निवेदन निघालं की ते कमी उंचीच्या दारात मुकाट्याने नाहीसं व्हायचं. १९९७ मधल्या सुधारित नियमांनी याद्यांच्या पाकिटात उंचीचा रकाना घातला: माझ्या दारात न मावणारं पाकीट तू पाठवू शकतोस, तर आत्ताच थांब. म्हणजे जे आम्हाला रुसवा वाटलं ती दूरदृष्टी होती, आणि पुरावा आमच्याच टेबलावर होता: तो अर्ध्यात थिजणारा ताळेबंद. माझ्या स्टॅटिक रूटने कुठलीही चौकशी न करता पाकिटं आत लोटली होती.

एफआरआरमध्ये या रकान्याकडे काणाडोळा करण्याचीही आज्ञा आहे. ती एक ओळ लिहिली की शेजार झटकन ‘फुल’ होतो आणि लिहिणारा घरी जातो. अनेक अनुभवी लोक ती सुचवतात. माझ्या मते ती साफ न करता शिवलेल्या जखमेसारखी आहे: वरून छान दिसते, आत ताळेबंद कुजतो. मी दोन्ही टोकांना १४६८ हाताने लिहिलं. कोल्हापूरने आठ बाइट सोडले, थोरलेपण कोणाचं ते ठरलं, याद्या सुरू झाल्या, आणि चहाचा पहिला घोट उतरायच्या आत एक्सस्टार्टच्या जागी ‘फुल’ आलं.

मोठ्या आनंदाने वाटांची यादी उघडली. कणकवलीची वाट ओएसपीएफच्या नावावर होती, पण निवडलेल्या वाटेपुढे जी खूण असते ती तिच्यापुढे नव्हती. ती खूण होती माझ्या सोमवारच्या स्टॅटिक रूटपुढे. गेटवेच्या घरात मानपान कडक असतो. दारालाच लागून असलेल्या वाटेचा मान शून्य, म्हणजे सर्वांत वर. स्टॅटिकचा एक. बाहेरून आलेल्या बीजीपीचा वीस. ओएसपीएफचा एकशे दहा, रिपचा एकशे वीस. आकडा लहान तेवढं पान आधी वाढायचं. इतकं सगळं जुळवून आणलेला ओएसपीएफ एकशे दहाव्या पानावर बसला होता, आणि पहिल्या पंगतीत माझी घाईघाईत लिहिलेली पाटी. लिहितानाच तिला दोनशेचा मान दिला असता तर ती आपोआप मागे सरकली असती. पण सोमवारी साहेब मागे उभे होते.

पाटी काढणं हे एका ओळीचं काम आहे. ती काढल्यावर काही बिघडू नये म्हणून सगळे घरी गेल्यावर काढायची असं ठरवलं, आणि विसरू नये म्हणून गेटवेच्या डोक्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवली: ‘स्टॅटिक रूट तात्पुरता. येत्या सोमवारी काढणे.’ त्यानंतर तीन पावसाळे झाले. दमट हवेने चिठ्ठीचे कोपरे वर वळले आहेत, मध्यंतरी एकदा ती खाली पडली तेव्हा सफाईवाल्या मावशींनी सेलोटेपने पुन्हा नीट लावून दिली. शाई थोडी उडाली आहे, पण ‘येत्या’ अजून स्वच्छ वाचता येतं.